वीकेंड वर्कशॉप : आधी मोज, मग बोल

शनिवारची रात्र, साडेअकरा. ऑफिसचा फोन नाही, बायको-मुलगी माहेरी, फ्रिजमध्ये कालची बिर्याणी. म्हणजे खरं तर फुल टू ऐश! आणि मी काय करतोय? बुवापाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून एका काचेच्या नळीकडे डोळे फाडून बघतोय. कारण नळी लाल झालीय.

आता व्हॉल्व्हमधली तार लाल व्हायलाच हवी, त्यात काही ग्रेट नाही. इथे तिच्याभोवतीचा करडा पत्रा, म्हणजे प्लेट, लालबुंद झाली होती. इस्त्रीवाल्याच्या निखाऱ्यासारखी. मी झडप घालून स्विच बंद केला. दुसऱ्या हातात मोबाइल होताच. नव्या व्हॉल्व्हची जोडी कार्टमध्ये टाकली, चारेक हजार रुपये. ऑर्डरचं बटण दाबणार इतक्यात मागून आवाज आला.

‘‘मोजलंस का?’’

अप्पा. पायजमा, बनियन, हातात पाण्याचा तांब्या.

‘‘अप्पा, मोजायचं काय त्यात? व्हॉल्व्ह गेलाय, दिसतंय ना!’’

‘‘लाल झालाय हे दिसतंय. गेलाय हे तू म्हणतोयस. आधी मोज, मग बोल.’’

मंडळी, आजचा कॉलम या चार शब्दांवर आहे.

हा किडा आला कुठून?

पाच हजारांत झकास ब्लूटूथ स्पीकर मिळत असताना कोणी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी का बनवावा? कारण आमच्याकडे एक मर्फी होता. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता, त्यामुळे अप्पांच्या लेखी तो घरचाच. अप्पा ऑर्डनन्स फॅक्टरीत इलेक्ट्रिशियन. ड्यूटीवरून आले की चहा आणि रेडिओ. त्याच रेडिओवर त्यांनी शाळेत असताना बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकली, पुण्याहून १९५५मध्ये पहिल्यांदा लागलेलं गीत रामायण पुढे कितीदा तरी ऐकलं.

मग आली २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला ते सगळ्यांना पाठ आहे. इकडे वालधुनी आणि उल्हास नदीने काय केलं, ते अंबरनाथ-बदलापूरवाल्यांना विचारा. तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहायचो. टीव्ही गेला, कपाट गेलं, मर्फी गेला. माळ्यावर होत्या म्हणून फक्त रेकॉर्ड्स वाचल्या. त्यात कुमार गंधर्वांची एक एलपी, अप्पांची जीव की प्राण. तेव्हापासून ती वाजलीच नाही. पुढच्या रविवारी अप्पांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती आणि मी ठरवलं होतं, त्या दिवशी ती वाजणार. व्हॉल्व्हवरच वाजणार.

मामांकडून त्यांचा सिरॅमिक पिकअपवाला रेकॉर्ड प्लेयर आणला. लॅमिंग्टन रोडच्या चार चकरा मारल्या (अंबरनाथ लोकल, दादरला बदल, ग्रँट रोडला उतरा). ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका वाइंडिंगवाल्या काकांनी. ‘मेड इन यूएसए’चा जोक मारू नका, तो आता घासून गुळगुळीत झालाय आणि काकांचं काम एकदम टकाटक आहे.

दोन मिनिटांत व्हॉल्व्हचा फंडा

काचेच्या नळीतून हवा काढून टाकायची. आत एक कॅथोड. हीटरने तापवला की तो इलेक्ट्रॉन सोडतो. समोर प्लेट, तिला दोनशे-अडीचशे व्होल्ट दिले की ती ते ओढून घेते. मधे ग्रिड नावाची जाळी. ती नळाच्या तोटीसारखी. ग्रिडचं व्होल्टेज कॅथोडपेक्षा जितकं खाली, तितका प्रवाह कमी. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला, डी फॉरेस्टने १९०६मध्ये त्यात ही तोटी बसवली आणि रेडिओचं आख्खं युग उभं राहिलं.

माझं सर्किट अगदी साधं. डावा आणि उजवा असे दोन चॅनल. पुढे एक ईसीसी८३; त्याच्या एकाच नळीत दोन व्हॉल्व्ह असतात, प्रत्येक चॅनलला अर्धा. मागे प्रत्येकी एक ईएल८४. हा १९५३ सालचा व्हॉल्व्ह, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी बनवलेला. चॅनलला जेमतेम चार-पाच वॉट. हॉलला पुरतात हो, गणपतीची मिरवणूक थोडीच काढायचीय!

नकाशावर प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट हवेत ते छापलेलं होतं. हीटर ६.३. एच.टी. म्हणजे मुख्य डीसी पुरवठा २६५. ईएल८४च्या कॅथोडवर साडेसात. ईसीसी८३च्या प्लेटवर १४०. यातला एकही आकडा माझ्याकडे जुळत नव्हता. एकही!

हात मागे!

पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. इथे हसणं बंद.

त्याच दिवशी दुपारी मी व्हॉल्व्ह न बसवता फक्त पुरवठा तपासला होता. एच.टी.वर साडेतीनशेच्या आसपास. ते ठीकच, ओझं नसताना व्होल्टेज चढतंच. (म्हणून फिल्टरचे कंडेन्सर ४५० व्होल्टचे घ्यायचे, ३५०चे नाही.) मी स्विच बंद केला, प्लग काढला आणि एक डाग सुटल्यासारखा वाटला म्हणून सोल्डरिंग आयर्न घेऊन आत हात घातला. घालणार होतो. अप्पांनी मनगट धरलं.

‘‘हात मागे. मीटर लाव.’’

प्लग काढून दोन मिनिटं झाली होती. मीटरने दाखवलं ३१० व्होल्ट.

बॉस, माझ्या पाठीतून थंड पाणी गेलं. व्हॉल्व्ह बसवलेले आणि तापलेले असले, तर कंडेन्सरमधला साठा तेच पिऊन टाकतात. व्हॉल्व्ह नसतील, तर तो साठा तिथेच दबा धरून बसतो. आणि घरात नवीन आरसीसीबी बसवलाय म्हणून निर्धास्त असाल तर ऐका : ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा शॉक त्याला कळतच नाही. तो ट्रिप होणार नाही. हा धक्का माणूस मारू शकतो.

त्या दुपारी पहिलं काम केलं ते फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडला. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून दोन मिनिटांत जवळजवळ रिकामा होतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावायचाच, कारण रेझिस्टरचाही डाग सुटू शकतो. शिवाय अप्पांचे नियम : मीटरचं काळं टोक चासीला क्लिपने अडकवायचं, मोजताना डावा हात खिशात, पायात रबरी चप्पल, चासीला अर्थिंग पक्कं आणि घरात दुसरं माणूस जागं. हे जमणार नसेल तर मंडळी, रेडीमेड अ‍ॅम्प घ्या. लाज कसली त्यात?

पहिला आकडा : सगळंच कमी

संध्याकाळी व्हॉल्व्ह बसवले. पहिल्यांदा चालू करताना अप्पांच्या पद्धतीने सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, अ‍ॅम्प वाचतो. बल्ब क्षणभर उजळला, मग मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. छान.

मी मोजलं. हीटर ५.३. एच.टी. २२०. झालं! मी लगेच वाइंडिंगवाल्या काकांच्या नावाने सुरू झालो. वळसे कमी मारले, तार हलकी वापरली, वगैरे वगैरे. अप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘अरे, मधे बल्ब बसलाय. पन्नास-साठ व्होल्ट तो खातोय. बल्ब शॉर्ट शोधायला असतो, व्होल्टेज मोजायला नाही.’’

एक निष्पाप माणूस वाचला. धडा पहिला : मोजताना आपण स्वतः सर्किटमध्ये काय घुसवलंय, ते आधी बघा.

दुसरा आकडा : सगळंच जास्त

बल्ब काढला. तोवर रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. हीटर ७.०. एच.टी. २९५. आणि अर्ध्या मिनिटात उजवीकडची ती प्लेट लाल. इथे तुम्ही कॉलमच्या सुरुवातीला परत आलात.

मी लाल प्लेटकडे बघत होतो. अप्पांनी माझी वही ओढून भागाकार मांडला. २९५ भागिले २६५, १.११. सात भागिले ६.३, पुन्हा १.११.

‘‘दोन वेगळ्या वाइंडिंग, दोन्हीकडे अकरा टक्केच जास्त. दोघांचं एकाच वेळी, एकाच मापाने कसं बिघडेल? दोघांच्या वर काय आहे?’’

वर प्रायमरी. आणि तिच्याही वर भिंतीतलं सॉकेट. सॉकेटवर मोजलं : २४४ व्होल्ट. संध्याकाळी सातला मी सहज मोजलं होतं तेव्हा २२८ होतं. रात्री आजूबाजूचे लोक दिवे-पंखे-मशिनं बंद करतात, लोड उतरतो, व्होल्टेज चढतं. यात वीज कंपनीला शिव्या घालण्यासारखं काही नाही. २३० व्होल्टला ६ टक्के वर-खाली नियमात बसतं, म्हणजे २१६ ते २४४. आपण कडेवर होतो, इतकंच.

मग ट्रान्सफॉर्मर उलटा करून बघितला. प्रायमरीच्या पट्टीवर काकांनी पेन्सिलने लिहिलं होतं : ०, २२०, २४०. आणि मी तार लावली होती २२०वर. २४४ भागिले २२० किती? १.११.

काका, माफ करा. मनापासून.

तार २४०वर हलवली. हीटर ६.४, एच.टी. २७०. धडा दुसरा : सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकले असतील, तर चूक बहुधा त्यांच्या वरच्या घरात असते. एकच आकडा चुकला असेल, तर त्याच्याच शेजारपाजारी शोधा.

तिसरा आकडा : एकच चुकीचा

आता ती लाल प्लेट. पुरवठा सुधारला तरी उजवा ईएल८४ तापतच होता. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही परत बसलो. ‘आम्ही’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. आई गेल्यापासून अप्पा टेबलावर माझ्याबरोबर एवढा वेळ बसले नव्हते.

स्टिरिओ बनवण्याचा मोठा फायदा सांगू? तुमच्याकडे एक बरोबर उत्तर आधीच असतं. डावा चॅनल ठीक, उजवा बिघडलेला. दोन्हीकडे तेच मोजायचं आणि कुठे फरक पडतो ते बघायचं.

कॅथोड. डावा ७.६, उजवा ११.७. कॅथोडखाली १५० ओहमचा रेझिस्टर आहे, म्हणजे ओहमचा नियम लावा : डावीकडे ५१ मिलिअँपिअर, उजवीकडे ७८. थोडा वाटा स्क्रीन ग्रिडचा सोडला, तरी उजव्या प्लेटवर सोळा-सतरा वॉट जळत होते. ईएल८४च्या प्लेटची मर्यादा आहे १२. ती लाल होणार नाही तर काय!

पण प्रवाह जास्त का? पुन्हा दोन शक्यता : व्हॉल्व्ह खराब किंवा त्याला कोणी चुकीचं सांगतंय. अप्पा म्हणाले, ‘‘जागा बदल.’’ बंद करून, थंड करून, मीटरने खात्री करून डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे. चालू केलं. लाल व्हायला लागला तो पुन्हा उजवीकडचाच. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष! कार्टमधले ते चार हजार आठवले. नवी जोडी आणून मी तीही अशीच भाजली असती.

मग ग्रिड. डावीकडे शून्य, जशी हवी तशी. उजवीकडे अधिक ६.७ व्होल्ट. तोटी आपोआप उघडली गेली होती. ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येणार कुठून? तिला एकच शेजारी आहे : ईसीसी८३च्या प्लेटवरून येणारा कपलिंग कंडेन्सर. त्याचं काम गाणं पुढे सोडायचं आणि डीसी अडवायचं. हा कंडेन्सर मी जुन्या बाजारातून मोठ्या हौसेने आणलेला, मेणातला, ‘व्हिंटेज’. एकदम ऑथेंटिक साउंड, असं मीच मित्रांना सांगत फिरत होतो.

त्याचा ग्रिडकडचा पाय उचलला. ग्रिड शून्य. कॅथोड ७.६. पाय उचलूनही ग्रिड वरच राहिली असती, तर दोष व्हॉल्व्हचा ठरला असता. तसं झालं नाही. व्हिंटेजसाहेब गळत होते. एरवी मीटरच्या ओहम रेंजवर तो ठणठणीत दिसला होता, कारण मीटर त्याला दोन-तीन व्होल्टच देतं आणि सर्किटमध्ये त्याच्यावर दीडशेच्या वर पडतात. त्या प्रेशरखालीच तो गळतो.

नवीन फिल्म कंडेन्सर, ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. किंमत वीस-पंचवीस रुपये. दोन्ही चॅनलला नवीन लावले, कारण डावा त्याच्याच जोडीचा होता.

चौथा आकडा : जो चुकीचा नव्हताच

उरला ईसीसी८३. नकाशा म्हणतो प्लेटवर १४०. माझं डिजिटल मीटर म्हणतं १६५. दोन्ही चॅनलला १६५. कॅथोडवर दीड व्होल्ट, म्हणजे प्रवाह ठीक. तरी पंचवीस व्होल्टचा फरक कसा काय?

संध्याकाळपर्यंत मी त्याच्यामागे होतो. रेझिस्टर बदलले, नळी बदलली. अप्पा चष्मा लावून नकाशाचा तो झेरॉक्स वाचत बसले होते. अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. त्यांनी बोट ठेवलं : मोजमाप १००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने.

‘‘हे आमच्या वेळचं काट्याचं मीटर. अडीचशेच्या रेंजवर ते स्वतःच अडीच लाख ओहमचा रेझिस्टर असतं. तुझ्या प्लेटला ते लावलं की थोडा प्रवाह तेच पितं, व्होल्टेज खाली बसतं. तुझं डिजिटल कितीचं?’’

दहा मेगाओहम. जवळजवळ काहीच न पिणारं. मी बुधवारी ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. या टप्प्याचा अंतर्गत रोध साधारण ४० किलोओहम. २५० भागिले २९०, गुणिले १६५. उत्तर १४२!

म्हणजे नकाशा बरोबर, मी बरोबर, सर्किटही बरोबर. फक्त छापलेला आकडा ज्या मीटरने मोजला, ते मीटर माझ्याकडे नव्हतं. ऑफिसमधल्या अप्रेझलची आठवण येतेय ना? मलाही आली.

कापून फ्रिजवर लावा

• कंडेन्सर आधी रिकामा, मग हात. मीटरने खात्री, दर वेळी.
• स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला सिग्नल देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
• सिरीज बल्ब असताना मोजलेले आकडे वहीत लिहू नका.
• सॉकेटचं व्होल्टेज आणि मोजल्याची वेळ, दोन्ही लिहा.
• सगळं एकाच प्रमाणात चुकलं तर वर बघा. एकच चुकलं तर शेजारी बघा.
• कॅथोडचं व्होल्टेज भागिले रेझिस्टर म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह. नाडी हीच.
• प्लेट लाल दिसली तर आधी बंद. विचार नंतर.
• भाग विकत घेण्याआधी डावा-उजवा बदलून बघा. फुकट असतं.

रविवार

वाढदिवसाला घरचेच सगळे. बायको-मुलगी, मामा, वाइंडिंगवाले काकाही. त्यांना मी फोन करून बोलावलं. त्यांच्या नावाने काय काय बोललो होतो ते अर्थात सांगितलं नाही.

दिवे मालवले. दोन ईएल८४ केशरी झाले. तार केशरी, प्लेट करडी, जशी असायला हवी. सुई टेकली, खरखर झाली आणि कुमारजींचा तो स्वर हॉलभर आला. वीस वर्षं माळ्यावर होता.

अप्पा डोळे मिटून बसले होते. बाजू संपली, सुई आतल्या रेघेत फिरत राहिली. कोणी उठलं नाही. शेवटी मीच विचारलं, ‘‘अप्पा, कसं वाटलं?’’

त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि अ‍ॅम्पकडे वाकून बघितलं.

‘‘चांगलं आहे. आता उजवीकडचा कॅथोड किती?’’

मी मीटर घेऊनच बसलो होतो. डावा हात खिशात.

‘‘साडेसात, अप्पा.’’

‘‘मग दुसरी बाजू लाव.’’